ट्यूबला झाकण आहे का, हे कॅमेऱ्याला विचारताना

लॅबमध्ये काम न करणाऱ्या कुणालाही सांगितलं की आम्ही सॅम्पल ट्यूबचं झाकण ओळखायला कॅमेरा बसवतोय, की समोरून हमखास येतं, "अगं झाकण तर डोळ्याला दिसतंच की, त्यात कॅमेरा कशाला?" एका ट्यूबचं दिसतं, हो. पण सकाळी दहा-अकराच्या सुमारास ओझर, दिंडोरी, पिंपळगाव, सिन्नर अशा सगळीकडच्या कलेक्शन सेंटरच्या बॅगा एकदम येऊन पडतात, इकडे नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या काउंटरवर फास्टिंगवाले अजून रांगेत असतात, रॅकमागून रॅक भरत जातात आणि फोन वाजतच असतो, तेव्हा पहिल्या रॅकला असते ती नजर शेवटच्या रॅकला तेवढीच ताजी राहील अशी अपेक्षा कुणाकडूनच करू नये. चांगल्यात चांगल्या टेक्निशियनकडून पण नाही.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेली, बायोकेमिस्ट्री सेक्शन बघते. कॅमेऱ्याचं काम माझा मावसभाऊ करतो, तो सातपूर एमआयडीसीत ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इन्स्पेक्शनचे कॅमेरे सेट करतो, म्हणजे पार्टला भोक नीट पडलंय का, थ्रेड बरोबर आलेत का, असं. एकदा लॅबमध्ये येऊन त्याने रॅक बघितले आणि म्हणाला, "ताई, हे तर आमच्याकडे लाईनवर रोज चालतं, तुमच्याकडे का नाही?" मोठ्या लॅबमध्ये आहे हे. जपानमधल्या कोची मेडिकल स्कूलला डॉ. मासाहिदे सासाकींनी १९८० च्या दशकात कन्व्हेयरवरून सॅम्पल फिरवणारी लॅब उभी केली, आणि आज त्या पद्धतीच्या ट्रॅकवर झाकण काढायचं मशीन वेगळं, परत लावायचं वेगळं आणि मध्ये झाकण आहे-नाही बघणारे सेन्सर आणि कॅमेरे असं सगळं असतं. पण तसा ट्रॅक आमच्यासारख्या लॅबच्या आवाक्यातला नाही, आणि जिल्ह्यातले बहुतेक सॅम्पल आमच्यासारख्याच लॅबमधून जातात, म्हणून हा विषय मला एवढा जवळचा वाटतो.

झाकणाला एवढं महत्त्व का, ते आधी सांगते. व्हॅक्युमवाली ट्यूब १९४० च्या दशकात जोसेफ क्लायनर यांनी आणली, आणि पुढे झाकणाचा रंग हीच आत काय टाकलंय त्याची खूण झाली. जांभळं म्हणजे ईडीटीए, रक्त गोठू न देणारं रसायन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीएवनसीला (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर). फिकट निळं म्हणजे ३.२ टक्के सोडियम सायट्रेट, पीटी-आयएनआरला, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या टेस्टला, तिथे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण हललं की रिपोर्ट हललाच. लाल म्हणजे प्लेन, आत गोठणं थांबवणारं काही नाही, पिवळं जेलवालं, हिरवं हेपारिन, काळं ईएसआर, आणि ग्रे म्हणजे फ्लोराईड, शुगरसाठी. यातलं ग्रे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडे शुगरच्या टेस्ट किती होतात ते सांगायला नको. रक्त प्लेन ट्यूबमध्ये तसंच ठेवलं तर पेशी साखर वापरत राहतात, रूम टेंपरेचरला तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होते, म्हणजे सकाळी आठला दिंडोरीत घेतलेलं सॅम्पल साडेदहाला आमच्याकडे सेंट्रीफ्यूजला (ट्यूब गरागरा फिरवून पेशी वेगळ्या करणारं मशीन) लागलं तर १२६ ची फास्टिंग १०५-११० च्या आसपास दिसू शकते. १२६ ही डायबेटिसची रेषा. तो पेशंट रेषेच्या खाली दिसला, डॉक्टर म्हणाले गोड कमी करा आणि वर्षभराने या, आणि मध्ये ते वर्ष गेलं. फ्लोराईडने सुद्धा साखर कमी होणं एका क्षणात थांबत नाही, पहिला तास-दोन तास थोडी घसरतेच, पण मग थांबते. म्हणून ग्रे झाकण ते ग्रेच पाहिजे.

दुसरी भीती ईडीटीएची. जांभळ्या ट्यूबमधलं थोडंसं रक्त जरी प्लेनमध्ये गेलं तरी पोटॅशियम खोटं वाढतं, कारण आपल्याकडे वापरतात तो ईडीटीए हा पोटॅशियमचाच क्षार असतो, आणि कॅल्शियम खोटं कमी होतं कारण ईडीटीएचं कामच कॅल्शियम धरून ठेवायचं. अल्कलाईन फॉस्फटेज (लिव्हर-हाडांसाठी तपासतात ते एन्झाइम) पण खोटं कमी दिसतं, त्याला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियम ईडीटीए ओढून घेतो. इटलीत पादुआला प्लेबानी आणि कारारो यांनी १९९७ मध्ये लॅबच्या चुका मोजल्या तेव्हा ६८ टक्के चुका टेस्ट लागायच्या आधीच्या टप्प्यात निघाल्या होत्या, दहा वर्षांनी २००७ ला परत मोजल्या तेव्हा ६२ टक्के. मशीन चांगली झाली, पण मशीनपर्यंत सॅम्पल पोचायचा रस्ता तेवढा सुधारला नाही.

आता झाकण ओळखणे म्हटलं की लोकांना वाटतं प्रश्न एकच आहे, आहे की नाही. प्रश्न एकच आहे खरा, पण कुठली चूक महाग पडते ते जागेनुसार उलटंपालटं होतं, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली मेन गोष्ट हीच आहे. रिसीव्हिंग काउंटरला झाकण पाहिजेच, घट्ट पाहिजे. सेंट्रीफ्यूजमध्ये तर पाहिजेच पाहिजे, उघडी ट्यूब फिरली तर रक्ताचे बारीक तुषार आत उडतात आणि हिपॅटायटिस वगैरेचं सॅम्पल असेल तर सेंट्रीफ्यूजचं झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर येतात. पण तीच ट्यूब बायोकेमिस्ट्री ॲनालायझरवर ठेवली की झाकण नकोच, कारण आमच्याकडचं मशीन उघड्या ट्यूबमधून सिरम (गोठलेल्या रक्तावर सुटणारं पिवळसर पाणी) उचलतं, झाकण राहिलं तर प्रोब, म्हणजे सिरम ओढणारी नळी, वरून येऊन थाडकन आदळतो. सीबीसीच्या मशीनचं परत वेगळं, तिथे सुई झाकणातूनच आत जाते. मी आधी एका ठिकाणी कामाला होते तिथे प्रोब असाच वाकलेला बघितलाय, इंजिनिअर मुंबईहून कसारा घाट चढून येईपर्यंत सगळी बायोकेमिस्ट्री बंद, आणि बाहेर डायलिसिसचे पेशंट क्रिएटिनिन-पोटॅशियमची वाट बघतायत. आणि टेस्ट झाली की परत झाकण पाहिजे, नाहीतर आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सिरममधलं पाणी उडतं आणि रिपीटला सगळ्याच व्हॅल्यू थोड्या चढलेल्या येतात, बायकार्बोनेट मात्र उतरतं कारण कार्बन डायऑक्साईड निघून जातो. म्हणजे एकाच मॉडेलला, फोटो बघून उत्तर देणाऱ्या सॉफ्टवेअरला, एका जागेवर "झाकण नाही" चुकून म्हणणं धोक्याचं आणि दुसऱ्या जागेवर "झाकण नाही" चुकून म्हणणं चालून जाणारं, असं आहे. ९९ टक्के ॲक्युरसी आली एवढं कुणी सांगितलं तर मी विचारते, उरलेला एक टक्का कुठल्या बाजूचा?

भावाने पहिली अट घातली ती लाईटची. मॉडेल कुठलं, योलो (फोटोतल्या वस्तू ओळखणारं एक मॉडेल) की अजून काय, ते त्याने नंतरवर टाकलं. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्याचा कॅमेरा मॉड्यूल ३, रॅकभोवती मॅट काळ्या शीटचा खोका आणि आत दुधी ॲक्रिलिकच्या मागे एलईडी पट्टी, बस. खोका कशाला तर आमच्या खिडकीतून सकाळी ऊन येतं, दुपारी ट्यूबलाईट, आणि कॅमेरा ऑटो व्हाईट बॅलन्सवर असला की प्रत्येक वेळी रंग स्वतःच्या मनाने बदलतो. व्हाईट बॅलन्स, एक्स्पोजर, फोकस तिन्ही लॉक केले. फ्रेमच्या कोपऱ्यात कायमचं एक ग्रे कार्ड चिकटवलं, त्याचा रंग हलला की सॉफ्टवेअरला कळतं की लाईट बिघडलाय, मग ते ट्यूबबद्दल काही बोलतच नाही आधी लाईट बघा म्हणतं. आणि स्वस्त एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, फोटोत आडव्या पट्ट्या दिसतात, त्यासाठी एक्स्पोजर १० मिलिसेकंदाच्या पटीत ठेवायचं किंवा सरळ डीसी सप्लाय लावायचा. आम्ही डीसी लावला.

रंगांचं गणित मला फार आवडलं. कॅमेरा लाल-हिरवा-निळा अशा तीन आकड्यांत बघतो पण ते आकडे उजेडाबरोबर हलतात, म्हणून ह्यू (रंग कुठला), सॅच्युरेशन (रंग किती भरलेला), व्हॅल्यू (किती उजळ) अशा पद्धतीत बदलून घेतात. ओपनसीव्ही या फोटो तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये ह्यू ० ते १७९ असतो, आणि लाल रंग दोन्ही टोकांना येतो, थोडा ० कडे आणि थोडा १७९ कडे, त्यामुळे लाल झाकणासाठी दोन रेंज द्याव्या लागतात हे माहीत नसेल तर अर्धी लाल झाकणं गायब होतात. ग्रे, काळं आणि पांढरं यांना तर ह्यू नसतोच म्हटलं तरी चालेल, तिथे जो आकडा येतो तो नुसता नॉईज, म्हणून आधी सॅच्युरेशन बघायचं, ते अगदी कमी असेल तर ह्यूकडे न बघता उजळपणावरून ग्रे की काळं ते ठरवायचं. जांभळं पिवळट उजेडात गुलाबीकडे सरकतं, आणि गुलाबी झाकण ब्लड बँकेच्या ट्यूबला असतं. शिवाय दोन कंपन्यांचं जांभळं एकसारखं नसतं, आणि उन्हात पडलेल्या बॉक्समधलं फिकट झालेलं अजून तिसरंच.

झाकण आहे-नाहीच्या प्रश्नात मात्र रंगावर अजिबात विसंबू नये. वरून बघितलं तर उघडी ट्यूब म्हणजे एक बारीक चमकती बांगडी आणि आत अंधार. आता रबराच्या बुचाचं झाकण वरून बघा. मध्ये सुई घुसायला खळगा असतो, त्या खळग्यात सावली पडते आणि भोवती प्लास्टिकची कड चमकते. म्हणजे तीच गोल कड आणि तोच मधला अंधार. लाल झाकणाचा खळगा आणि उघड्या प्लेन ट्यूबमधलं गोठलेलं रक्त शेजारी-शेजारी ठेवून मी स्क्रीनवर बघितलंय, फोटो छोटा केला तर मलाही क्षणभर थांबावं लागतं. त्यात सिरमच्या पृष्ठभागावर एलईडीचं प्रतिबिंब पडतं, एक पांढरा ठिपका, आणि तो नेमका गुळगुळीत झाकणावरच्या चमकेसारखा दिसतो. यावर दोन उपाय कामी आले. एक, लाईट वरून न देता बाजूने अगदी खालच्या कोनातून द्यायचा, म्हणजे झाकणाचा माथा उजळतो आणि उघड्या ट्यूबचं तोंड काळंच राहतं. दुसरा, वरच्या कॅमेऱ्यासोबत बाजूने एक कॅमेरा. बाजूने बघितलं की भानगडच नाही, झाकण ट्यूबपेक्षा रुंद असतं, १३ मिलिमीटरची ट्यूब वर जाताना काही मिलिमीटरनी फुगलेली दिसली की झाकण आहे, सरळच्या सरळ गेली की नाही. अडचण एवढीच की बाजूने रॅकची पहिलीच रांग दिसते, म्हणून रॅक खोक्यात सरकवताना एकेक रांग कॅमेऱ्यासमोरून जाईल अशी पट्टी बसवली.

बाजूच्या कॅमेऱ्याचा खरा फायदा वेगळाच निघाला आणि तो मला सगळ्यात जास्त मोलाचा वाटतो. हाताने परत दाबून लावलेलं बूच कधीकधी आपोआप वर येतं, आतली हवा दाबली गेलेली असते ती त्याला ढकलते. अशी ट्यूब वरून बघितली तर झाकण आहे, रंग बरोबर आहे, सगळं ठीक. पण रॅक तिरका झाला की गळणार. १०० मिलिमीटरची ट्यूब फोटोत १००० पिक्सेलची असेल तर १ मिलिमीटर म्हणजे १० पिक्सेल, आणि १० पिक्सेल मोजणं कॅमेऱ्याला काहीच अवघड नाही. त्यामुळे आता आमचं सॉफ्टवेअर माथ्याची उंची मोजतं आणि नेहमीपेक्षा उंच किंवा तिरकं झाकण दिसलं की त्या जागेवर पिवळा चौकोन काढतं. डोळ्याला हे दिसत नाही असं नाही, पण भरल्या रॅकमध्ये मधल्या ट्यूबचं दोन मिलिमीटर वर आलेलं बूच खरंच दिसत नाही हो.

फोटो जमवताना एक शिस्त पाळली ती सगळ्यांनी पाळावी असं वाटतं. एकाच रॅकचे चार फोटो काढले आणि त्यातले तीन ट्रेनिंगला आणि एक टेस्टिंगला टाकला तर मॉडेल तो रॅक पाठ करून बसतं आणि मार्क छान येतात. म्हणून टेस्टिंगचे रॅक वेगळ्या दिवसाचे, वेगळ्या लॉटच्या ट्यूबचे. आणि ट्रेनिंगमध्ये फोटो मुद्दाम फिरवायची, रंग हलवायची सेटिंग असते, फिरवलेलं चालेल, पण रंग हलवायची बंद करायची, नाहीतर आपणच जांभळ्याला गुलाबी करून शिकवतो. उघड्या ट्यूबचे फोटो कमी मिळतात, कारण रिसीव्हिंगला उघडी ट्यूब क्वचितच येते, म्हणून रिकाम्या एक्स्पायर्ड ट्यूबमध्ये रंगीत पाणी भरून, अर्धी झाकणं काढून, काही मुद्दाम तिरकी लावून फोटो काढले. भाऊ त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत बसला होता, आईने डबा पाठवला तो लॅबबाहेरच्या पायरीवर बसून खाल्ला, आत खायला मी कुणालाच देत नाही.

उत्तरं दोन नाही, तीन ठेवली. आहे, नाही, आणि बघून घ्या. तिसऱ्या उत्तराबद्दल मी भावाशी वाद घातला कारण त्याच्या कंपनीत पार्ट पास नाहीतर फेल, मधलं काही नसतं, शंका आली की पार्ट सरळ रिजेक्टच्या डब्यात. पण रक्त रिजेक्टच्या डब्यात टाकायची गोष्ट नाही. लहान बाळाचं सॅम्पल असतं, शिर सापडत नाही अशी म्हातारी आजी असते, केमोवाला पेशंट असतो. त्याला परत बोलवून परत टोचायचं म्हणजे काय ते मी काउंटरवर उभी राहून बघितलंय. म्हणून मशीनला शंका आली तर त्याने माणसाला हाक मारावी, आणि ॲनालायझरच्या दारात तर शंकेचा उंबरठा अजून खाली ठेवलाय, तिथे दहादा फुकट हाक मारली तरी चालेल पण एकदाही प्रोब आपटायला नको. संध्याकाळी "बघून घ्या" मध्ये पडलेले फोटो मी स्वतः बघते आणि लेबल लावून भावाला देते, तेच पुढच्या ट्रेनिंगला जातात.

आणि एक गोष्ट कॅमेऱ्याला कधीच कळणार नाही, ती इथे लिहून ठेवायलाच पाहिजे. गावाकडच्या बऱ्याच सेंटरला अजून व्हॅक्युम नसलेल्या साध्या व्हायल वापरतात, सिरिंजने रक्त काढायचं, तीन-चार व्हायलची झाकणं उघडून टेबलावर ठेवायची, भरायचं, परत लावायची. घाईत जांभळं झाकण प्लेनवर आणि लाल ईडीटीएवर बसलं तर कॅमेरा जांभळं म्हणूनच सांगणार, आणि ते बरोबरच सांगणार. तिथे झाकणाचा रंग आणि व्हायलवरचं छापील लेबल दोन्ही जुळतात का बघावं लागतं, आणि आत रक्त गोठलंय का ते बघावं लागतं, ईडीटीएच्या झाकणाखाली गोठलेलं रक्त म्हणजे काहीतरी बदललंय. दिंडोरीचा आमचा कलेक्शनचा मुलगा आहे, त्याला मी सांगितलं की एका वेळी एकच झाकण उघड, भर, लाव, हलव, मग दुसरं. तो म्हणाला, "मॅडम, तेवढा टाइम नसतो." मी म्हटलं, परत जाऊन परत रक्त घ्यायला लागतो त्यापेक्षा कमीच लागेल. आता करतो तसं. कॅमेरा कितीही चांगला लावला तरी हे शिकवणं बंद करता येत नाही.

पेशंटच्या नावांचं पण बघितलं. बाजूच्या कॅमेऱ्यात लेबल येतं, नाव-वय सगळं वाचता येतं, म्हणून फ्रेम वरच्या तीन सेंटिमीटरवरच कापून ठेवतो, बारकोड स्कॅनर वेगळा आहे त्याचं काम तो करतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आलाय, पण कायदा नसता तरी कुणाच्या एचआयव्हीच्या ट्यूबचा नावासकट फोटो भावाच्या लॅपटॉपवर फिरलेला मला चालला नसता. आणि कॅमेऱ्यावर भरवसा टाकायच्या आधी रोज सकाळी एक ठरलेला रॅक त्यापुढे धरतो, त्यात सगळे रंग, दोन उघड्या, एक तिरकी, एक वर आलेली. सगळं बरोबर ओळखलं तरच दिवस चालू, जसं आपण ॲनालायझरला कंट्रोल लावतो तसंच. आयएसओ १५१८९ हे मेडिकल लॅबच्या दर्जाचं मानक सॅम्पल कुठलं घ्यायचं आणि कुठलं नाही याचे नियम लिहून ठेवायला सांगतं, त्या लिखाणात आता हा रॅक पण घातलाय.

सध्या अडलंय ते युरिन कंटेनरपाशी. तिथे झाकण आटे फिरवून लावायचं असतं, आणि आटा तिरका बसला की झाकण लागल्यासारखं वाटतं पण बॅगेत गळतं, सोबतच्या सगळ्या फॉर्मचा लगदा. झाकणाच्या कडेची रेषा आणि कंटेनरच्या तळाची रेषा समांतर आहे का एवढंच मोजायचंय, पण पांढरं झाकण पांढऱ्या टेबलवर, त्याची कडच सापडत नव्हती. खाली गडद निळी मॅट टाकल्यापासून कड स्वच्छ येतेय. थुंकीच्या कंटेनरला पण हेच लावायचंय, टीबीचं सॅम्पल गळणं म्हणजे फॉर्म भिजण्यापेक्षा फार मोठी गोष्ट आहे, आणि २०२७ च्या सिंहस्थात नाशिकला जी गर्दी होईल तेव्हा सगळ्याच लॅबवर लोड येणार आहे, त्याच्या आत ही दोन्ही कंटेनर मला पक्की करून घ्यायचीत. भाऊ रविवारी मोकळा असतो, या रविवारी तिरक्या आट्यांचे फोटो काढायला बसतोय.